सरसकट संरक्षण नको

सरकारी कंपन्यांच्या संचालकांना कायदेशीर कारवाईपासून संपूर्ण संरक्षण द्यावे, अशी मागणी करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. ही मागणी मला पटत नाही. प्रामाणिक निर्णय चुकला म्हणून कोणाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये, हे खरेच. पण ती सोय आजही आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९(१२) नुसार स्वतंत्र (कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेले) व बिगर-कार्यकारी (रोजचा कारभार न पाहणारे) संचालक, त्यांना ठाऊक असलेल्या आणि त्यांच्या संमतीने, संगनमताने किंवा हलगर्जीपणामुळे झालेल्या कृत्यांपुरतेच जबाबदार ठरतात. संपूर्ण संरक्षण दिले की हलगर्जीपणाही माफ! पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या मालकीची पीएमपीएमएल ही शहर बससेवा २००७ पासून कंपनीच आहे. अशा कंपनीत संचालकांनी कागद न वाचता सह्या केल्या, तर त्याचा भुर्दंड प्रवाशांनी आणि करदात्यांनी का सोसावा?

– एक वाचक, कोथरूड, पुणे