आधी करंट बघा, मग फॉरमॅट मारा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

खानापूर तालुक्यात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. चालू कामात कॉम्प्युटर पटकन बंद पडतोय नाहीतर आपोआप रिस्टार्ट होतोय म्हणून लोक विचारायला येतात, त्यातले बरेच जण आधीच कुठंतरी फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकून आलेले असतात, पोरांचे फोटो गेले, हिशोबाचा डेटा गेला, आणि बंद पडायचं काय थांबलेलं नाही. फार वाईट वाटतं ओ, म्हणून हे लिहितोय.

दोष विंडोजचा आहे का हे बघायला एक रुपया लागत नाही. चालू करतानाच डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर जायचं आणि अर्धा तास तसाच ठेवायचा. तिथंबी बंद पडला तर विंडोजचा काय संबंध नाही, मग एसएमपीएस (आतला पॉवर सप्लायचा डबा), रॅम, उष्णता नाहीतर घरचा करंट बघायचा. बायोसमध्येच सीपीयूचं टेंपरेचर दिसतंय, काही काम नसताना ते 80-90 अंशाच्या वर चाललं असेल तर फॅनखालचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) धुळीनं गच्च भरलाय किंवा त्याच्या आणि सीपीयूच्या मधली पेस्ट वाळलीय म्हणून समजा.

आपल्याकडं वळीव सुरू झाला की लाईट क्षणभर जाते-येते, आणि यूपीएसची (लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या डब्याची) बॅटरी दोन-तीन वर्षांत बसलेली असते पण हिरवा दिवा लागतोय म्हणून कोण बघतच नाही. काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग भिंतीतनं काढून बघा, कॉम्प्युटर लगेच बंद झाला तर बॅटरी बदला. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर अजिबात लावू नका, त्याचा हीटर एकदम करंट ओढतो आणि प्रिंट दिली की कॉम्प्युटर बंद, सेवा केंद्रवाल्यांनी हे तर नक्की बघावं. थ्री पिनला अर्थिंग खरोखर आहे का तेबी वायरमनकडनं तपासून घ्या.

निळा स्क्रीन येऊन रिस्टार्ट होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढायची, म्हणजे कोड वाचता येतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर 41 ही नोंद बघून घाबरू नका, कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद पडला एवढंच त्यातनं कळतंय, कारण कळत नाही.

रिपेरीवाल्या भावांना हात जोडून विनंती, गिऱ्हाईकाला विचारून, बॅकअप घेऊनच फॉरमॅट मारा.

आपला एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव