प्रायमरी लांबली म्हणून पक्ष हरत नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला की आपल्याकडे पेपरात आणि टीव्हीवर एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते, की उमेदवारीची भांडणं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुका (प्रायमरी), लांबल्या तर पक्ष दमतो, पैसा संपतो आणि समोरचा आरामात निवडून येतो. मला हे अजिबात पटत नाही, आणि 2008 चं उदाहरण समोर असताना तर नाहीच नाही.

तेव्हा रिपब्लिकन पक्षाचं मॅकेन यांचं नाव 4 मार्चलाच पक्कं झालं होतं. इकडे डेमोक्रॅट्समध्ये ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांची लढत 3 जानेवारीला आयोवात सुरू झाली ती थेट 3 जूनपर्यंत चालली, मिशिगन आणि फ्लोरिडाच्या डेलिगेट्सवरून (अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींवरून) तर इतकी भांडाभांडी झाली की मे संपताना पक्षाच्या समितीला प्रत्येकाचं अर्धं मत मोजायचं असा तोडगा काढावा लागला, आणि क्लिंटनबाईंचे कित्येक समर्थक उघड सांगत होते की आम्ही आता मॅकेनलाच मत देणार. आणि निकाल काय लागला? राज्यवार ठरणाऱ्या इलेक्टोरल मतांत 365 विरुद्ध 173, ओबामा.

यातलं इंडियाना राज्य नीट बघा. तिथली प्रायमरी मे महिन्यात, म्हणजे बहुतेक वेळा सगळं ठरून गेल्यावर येते, त्यामुळे एरवी तिकडे कुणी फारसं फिरकत नाही. 2008 ला लढत चालूच होती म्हणून दोघांनाही तिथे ऑफिसं उघडावी लागली, गावोगाव सभा घ्याव्या लागल्या, व्हॉलंटियर जमवून नवीन मतदारांची नोंदणी करावी लागली. ओबामा ती प्रायमरी थोडक्यात हरले, पण जमवलेली माणसं आणि याद्या कुठे जात नाहीत हो, नोव्हेंबरमध्ये तेच राज्य त्यांनी सुमारे 28 हजार मतांनी घेतलं, डेमोक्रॅट्सना ते 1964 नंतर पहिल्यांदाच मिळालं. मंदी होती, बुश सरकारवर राग होता हे मान्यच, पण एवढ्या कमी फरकाच्या राज्यात आधीची मेहनत कामाला येतेच.

मग 1980 ला डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष कार्टर का हरले असं कुणी विचारेल. तिथे एडवर्ड केनेडी स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभे राहिले होते, आणि ते उभे राहिले कारण महागाई आणि बाकी सगळ्याने कार्टर आधीच खिळखिळे झालेले होते. लांबलेली लढत हे दुखणं नव्हतं, दुखण्याचं लक्षण होतं. त्यात केनेडींनी शेवटपर्यंत मन मोठं केलं नाही, न्यूयॉर्कला भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात शेवटच्या रात्री ते स्टेजवर आले, हात मिळवला, पण दोघांनी हात धरून वर उंचावायचा तो फोटो काही दिला नाही, कार्टर त्यांच्या मागे मागे फिरत राहिले आणि हे सगळं देशाने टीव्हीवर पाहिलं. याउलट 2008 ला डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यांची मतं मोजणं चालू असताना न्यूयॉर्कची पाळी आली, तेव्हा स्वतः हिलरी क्लिंटन यांनीच मोजणी थांबवून ओबामांना एकमताने निवडा असा ठराव मांडला. फरक पडतो तो इथे.

2016 ची गोष्ट तर मला फार लागते. डेमोक्रॅट्समध्येच हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध लढणाऱ्या सँडर्स यांनी मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या प्रायमरी जिंकल्या होत्या, म्हणजे क्लिंटन कुठे कच्च्या आहेत ते पक्षाला मार्च-एप्रिलमध्येच कळलं होतं, तरी उमेदवारी मिळाल्यावर त्या प्रचाराला विस्कॉन्सिनला गेल्याच नाहीत, आणि नोव्हेंबरला ही दोन्ही राज्यं थोड्या मतांनी हातची गेली. लांब लढतीने फुकट दिलेली माहिती होती ती!

आपल्याकडे एबी फॉर्म पक्षश्रेष्ठींकडून येतो, त्यामुळे पक्षात उघड स्पर्धा म्हणजे फूट असंच आपल्याला वाटतं, बातम्याही तशाच लिहिल्या जातात.

2028 ला अमेरिकेत दोन्ही पक्षांत जागा मोकळी आहे, लढती लांबण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा माझी विनंती एवढीच की कोण कुणाला काय बोललं यावर रकाने भरण्यापेक्षा कुठल्या राज्यात कुणी ऑफिसं उघडली, कुणाला कुठल्या भागात मतं पडत नाहीत आणि हरलेला उमेदवार जिंकलेल्याच्या प्रचाराला कधीपासून लागला, हे आपल्या पेपरात वाचायला मिळावं.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे