मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वार लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्याकडे तोंड आलं की माणूस मेडिकलवर जाऊन बी-कॉम्प्लेक्स आणि तोंडाला लावायचं जेल घेतो. एरवी भागतं, कारण साधा फोड आठ-दहा दिवसांत आपोआपच भरतो. पण संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड आलं, तर तो औषध अंगात जास्त झाल्याचा पहिला इशारा असू शकतो.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. बीपी-शुगरच्या गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली जाते. दुसरी चूक पट्टीची: १५ मिलिग्रॅमसाठी २.५च्या ६ गोळ्या लागतात. पट्टी १०ची आली आणि गोळ्या सहाच घेतल्या, तर डोस चौपट. तोंडाचं अस्तर आणि अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा गर) इथल्या पेशी भराभर वाढतात, म्हणून पहिला मार तिथेच बसतो. तोंडातले फोड दिसतात, रक्तातल्या पेशी घटलेल्या दिसत नाहीत. फोडांसोबत ताप किंवा अंगावर जांभळे ठिपके असतील तर एक दिवसही थांबू नये. पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठावं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) त्याच दिवशी व्हावं. यावरचा उतारा म्हणजे ल्युकोव्होरिन हे औषध. घरातली फॉलिक अॅसिडची गोळी त्याच्या जागी चालत नाही.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात जास्त जपावं. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. उन्हानं किंवा जुलाबानं अंगातलं पाणी आटलं, त्यात मनानं दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, की ते साचतं. को-ट्रायमोक्सॅझोल हे अँटिबायोटिक तर यासोबत देऊच नये.

स्टेरॉइड किंवा दम्याचा पंप घेणाऱ्यांच्या तोंडात सायीसारखा पांढरा थर येतो. पुसला की निघतो, खाली लाल दिसतं. ती बुरशी. त्यावर फोडांचं स्टेरॉइडवालं मलम लावलं तर ती वाढते. पंपानंतर चूळ भरून थुंकावी, कवळी रात्री काढून ठेवावी. किडनी बदललेल्यांनी बुरशीची गोळी परस्पर घेऊ नये. फ्लुकोनॅझोल या बुरशीच्या गोळीमुळे टॅक्रोलिमसची (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाची) रक्तातली पातळी वाढते आणि नव्या किडनीलाच धोका होतो. अशा रुग्णांनी किंवा स्टेरॉइडवाल्यांनी आपली मूळ औषधंही मनानं बंद करू नयेत.

पुसून न निघणारा पांढरा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दंतवैद्याला दाखवावी. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

मेडिकलवाल्यांना आमची कळकळीची विनंती: मेथोट्रेक्सेट देताना पट्टीवरचे मिलिग्रॅम वाचून दाखवा, आणि पाकिटावर ठळक मराठीत लिहा, 'फक्त सोमवारी', किंवा डॉक्टरांनी सांगितला असेल तो वार.

– दोन दंतवैद्य, जळगाव