योइक गाणाऱ्यांची नावे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जगभरच्या संगीतावर अधूनमधून चांगले लेख येतात. मात्र सामी लोकांच्या योइक गायकीचा विषय निघाला की 'गूढ', 'आदिम', 'बर्फाळ शांतता' अशा विशेषणांवरच भागवले जाते. कोण गातो आहे आणि कोणाचा योइक गातो आहे, याचा पत्ता नसतो. इतर कुठल्या संगीतात हे एक वेळ चालून जाईल, योइकमध्ये चालणार नाही.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प एवढ्या पट्ट्यात सामी लोक राहतात. त्यांच्यात योइक माणसाचा असतो, रेनडिअरचा असतो, डोंगराचा असतो. माणसाची चाल, त्याचा स्वभाव मोजक्या स्वरांत पकडायचा आणि तोच तुकडा घोळवत राहायचे. शब्द थोडे, बाकी आपल्या तराण्यासारखे 'लो-लो', 'नु-नु' असे बोल. त्याला ठरलेली सुरुवात नाही की शेवट नाही. गाणारा मध्येच उचलतो आणि मध्येच सोडून देतो, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रेकॉर्डिंग तुटले की काय असे वाटते. आणि हा योइक रचणाऱ्याच्या मालकीचा मानत नाहीत, ज्याच्यावर रचला त्याचा मानतात. माणूस गेल्यावरही त्याचा योइक गायला की तो जवळ आहे, अशी घरच्यांची भावना असते. असे गाणे निनावी वाजवले तर त्यातून माणूसच वजा होतो.

हे टिकले कसे, तेही वाचकांना कळायला हवे. सतराव्या-अठराव्या शतकांत मिशनऱ्यांनी सामींचे पवित्र ढोल जप्त केले, जाळले आणि योइकला सैतानी ठरवले. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या लेस्ताडियन या ख्रिस्ती धर्मपंथाच्या कुटुंबांतही ते पापच मानले गेले. शाळांमधूनही योइकला मज्जाव होता. सामी आणि इतर अल्पसंख्याकांवर लादलेल्या या नॉर्वेजियनीकरणाबद्दल, म्हणजे त्यांची भाषा-संस्कृती पुसून त्यांना नॉर्वेजियन बनवण्याच्या धोरणाबद्दल, नॉर्वेच्या संसदेने माफी मागितली ती 2024 मध्ये.

ध्वनिमुद्रणाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्वीडिश रेल्वेत नोकरी करणारे कार्ल तिरेन यांनी पहिल्या महायुद्धाच्या आसपास फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यांत योइक टिपले. 1953 मध्ये स्वीडिश रेडिओची माणसे यंत्रे घेऊन सामी भागात फिरली. अशी मुद्रणे संग्रहात जाऊन पडतात. पण त्यांचे पुढे काय होऊ शकते, ते फिनलंडच्या विम्मे सारी यांच्याकडे पाहावे. घरचे वातावरण धार्मिक, त्यामुळे योइक कानावर नाही. पुढे फिनिश रेडिओत ध्वनितंत्रज्ञ म्हणून काम करताना संग्रहातल्या जुन्या टेपांमध्ये त्यांना आपल्याच मामाचे योइक सापडले. आज ते योइकचे मोठे गायक आहेत. त्या टेपवर मामाचे नाव लिहिलेले नसते तर?

सामी कवी-गायक नील्स-आस्लाक वाल्केआपे यांनी 1968 मध्ये योइकची तबकडी काढली. गिटार आणि भोवतालचे आवाज सोबतीला घेऊन त्यांनी योइक पुन्हा तरुणांच्या तोंडी आणला. 1994 च्या लिलहामर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्यांनीच योइक गायला. त्याच सोहळ्यात गाण्याचे आमंत्रण गायिका मारी बोइने यांनी नाकारले. आपल्याला शोभेपुरते बोलावले जात आहे, असे त्यांना वाटले. दोघेही सामी, दोघेही थोर, आणि निर्णय विरुद्ध. मला बोइने यांचा नकार अधिक पटतो, पण वाल्केआपे यांचा आवाज त्या दिवशी जगभर पोहोचला हेही खरे. असे प्रश्न आपल्या पुरवणीत चर्चेला यावेत.

आमच्या सोसायटीच्या योगवर्गात शवासनाच्या वेळी गेले काही महिने बोइने यांचेच 'गुला गुला' लावतात. मोबाइलच्या पडद्यावर नाव फक्त 'निसर्ग ध्यान संगीत'. पूर्वजांचा आवाज ऐका, ही धरती का नासू देता, असा जाब विचारणारे गाणे झोप यावी म्हणून लावलेले पाहून वाईट वाटते. लावणाऱ्या ताईंचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

घरोघरच्या मुलांनी 'फ्रोझन' चित्रपट पाहिला आहे. त्याच्या आरंभीचे समूहगान दक्षिण सामी संगीतकार फ्रूदे फ्येलहाइम यांचे आहे. त्यांच्या मूळ रचनेत योइक आणि ख्रिस्ती स्तोत्र एकत्र गुंफलेले आहे. ज्या धर्माने योइकला पाप म्हटले त्याचेच स्तोत्र! मराठी वाचकाला ओळख करून द्यायला याहून सोपी जागा कुठली?

तेव्हा माझी विनंती अशी : योइकवर पुढचा लेख येईल तेव्हा गायकाचे नाव, तो कुठल्या भागातला, मुद्रण कोणत्या साली झाले आणि माहीत असेल तर योइक कोणाचा, एवढे चौकटीत द्यावे. शक्य झाल्यास वाल्केआपे, विम्मे आणि बोइने यांच्यावर एकेक स्वतंत्र लेख द्यावा. आन्दे सोम्बी यांचा लांडग्याचा योइकही वाचकांना ऐकायला सुचवावा. ते ट्रोम्सो विद्यापीठात कायदा शिकवतात आणि योइक गाताना घशातून थेट लांडगाच उभा करतात.

कळावे,
आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)