बोक्याची लघवी तुंबल्यास सकाळची वाट पाहू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सदनिकेत वाढणाऱ्या मांजरांना, त्यातही नसबंदी झालेल्या बोक्यांना, लघवीतील खर आणि खड्यांचा त्रास होतो, तेव्हा पुण्यातील बरीच कुटुंबे पशुवैद्याऐवजी आधी पेट शॉप गाठतात आणि ‘युरिनरी’ असे छापलेले खाद्याचे पाकीट घेऊन येतात. हे थांबावे, म्हणून हे पत्र.

मांजरांत प्रामुख्याने दोन प्रकारचे खडे आढळतात. स्ट्रुव्हाइटचे खडे मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे असतात. मॅग्नेशियम व फॉस्फरस मर्यादित असलेले आणि लघवी किंचित आम्लधर्मी ठेवणारे वैद्यकीय खाद्य दिल्यास ते बहुधा काही आठवड्यांत विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र कोणत्याही खाद्याने विरघळत नाहीत, आणि लघवी वाजवीपेक्षा आम्लधर्मी करणारे औषध अशा मांजराला अपायच करू शकते. खडा कोणता असावा, हे लघवीची तपासणी, एक्स-रे आणि सोनोग्राफी पाहून पशुवैद्यानेच ठरवायचे असते. लघवीचा नमुना ताजाच तपासून घ्यावा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात एरवी नसलेले स्फटिकही तयार होतात. शिवाय लघवीतून रक्त जाणाऱ्या अनेक मांजरांना खडे नसतातच. फटाके, घरातील रंगकाम, नवे मांजर अशा ताणानेही मूत्राशयाला सूज येते.

पथ्यात पाण्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश जेमतेम १० टक्के असतो, तर ओल्या खाद्यात सुमारे ७५ टक्के किंवा त्याहून अधिक. मांजर मुळातच पाणी कमी पिते, त्यामुळे केवळ कोरड्या खाद्यावर लघवी घट्ट होते. ओले खाद्य आणि घरात दोन-तीन ठिकाणी, मांजराच्या शी-शूच्या ट्रेपासून दूर ठेवलेले स्वच्छ पाणी एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. डॉक्टरांनी सांगितलेले खाद्य सुरू असताना घरातील कोणी मायेने सुकट किंवा बोंबील वाढले, तर ते पथ्य मोडते, हे आजी-आजोबांनाही समजावून सांगायला हवे.

आमच्या इमारतीतील एक बोका दिवसभर ट्रेमध्ये जाऊन बसत होता, कण्हत होता, मागचा भाग सारखा चाटत होता, पण ट्रेमधील वाळू कोरडीच होती. शौचाला कडक झाले असावे, असे समजून घरच्यांनी त्याला एरंडेल पाजले. रात्री तो ओकू लागला, तेव्हा त्याचे मूत्राशय हाताला लिंबासारखे टणक लागत होते. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते; ती पूर्ण बंद झाली की रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते, आणि दोन-तीन दिवसांत, कधी त्याआधीही, मृत्यू येतो. उपचार म्हणजे कॅथेटर (बारीक नळी) घालून मार्ग मोकळा करणे आणि सलाइन. यांपैकी काहीही घरी होण्याजोगे नाही. मनानेच वेदनाशामक गोळी देणे तर फारच घातक, कारण पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे.

त्या रात्री सुरू असलेला दवाखाना शोधण्यात घरच्यांचा मोलाचा वेळ गेला. पुणे महापालिकेने पाळीव मांजरांच्या नोंदणीची व्यवस्था केली आहे. त्याच नोंदणीसोबत रात्री सेवा देणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांची, कॅथेटर व सलाइनची सोय कोठे आहे याच्या उल्लेखासह, अद्ययावत यादी प्रत्येक पालकाला द्यावी, अशी माझी महापालिकेच्या आरोग्य विभागास विनंती आहे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे