आमच्या मनिऑर्डरच्या पावत्या कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात याच पानावर एका घरमालक वाचकांचं पत्र आलं होतं. भाडेकरू खोली सोडायला लागू नये म्हणून मुद्दाम ‘साक्षीपुरावा घ्या’ म्हणतात आणि वर्षं काढतात, तेव्हा असे दावे नुसत्या कागदांवर निकाली काढावेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा त्रागा मला समजतो. आमच्या खोलीचं भाडं महिना २१२ रुपये आहे. ही रक्कम लिहितानाही लाज वाटते, पण ती आम्ही ठरवलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या दरांशी बांधून ठेवलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तरी मूळ आकडाच एवढासा असल्यावर चार टक्क्यांनी काय होणार? मालकाला या भाड्यात चाळीला चुनाही लावता येत नाही, हे मान्य.

पण साक्षीपुरावा म्हणजे वेळकाढूपणा, हे मला मान्य नाही. ज्या दाव्यात मी स्वतः आठ वर्षं कोर्टाच्या बाकावर बसले, त्याचा हिशेब मांडते.

आम्ही गिरगावातल्या चाळीत तीन पिढ्या राहतो, खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन थोड्या भाड्यावर घेतलेली. सासरे गेल्यावर मालकांच्या मेहताजींनी, म्हणजे भाडं गोळा करणाऱ्या कारकुनांनी, भाडं घेणंच बंद केलं. ‘नाव बदलायचंय, शेठ बघतील, मग घेऊ.’ पावती मागितली तर हसायचे. आमच्या शेजारच्या काकांनी शहाणपण शिकवलं म्हणून दर महिन्याला मनिऑर्डर करायला लागलो. दर महिन्याला ती परत यायची. पोस्टमन मागे ‘घेण्यास नकार’ असं लिहून द्यायचा. त्या पावत्या मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत गेले.

त्यातच सासूबाईंना गावी पक्षाघाताचा झटका आला आणि आम्ही दोघं चार महिने कोकणात अडकलो. परतलो तर दीडेक महिन्याने नोटीस. भाडं थकलं, आणि खोली सहा महिन्यांहून जास्त बंद. २०११ साली दावा दाखल झाला. कागदावर पाहिलं तर मालकाची बाजू एकदम चोख होती. भाडं जमा नाही, वहीत नोंद नाही, दाराला कुलूप लावल्याचा फोटो. त्या वाचकांच्या सूचनेप्रमाणे निकाल कागदांवर लागला असता तर आज मी हे पत्र गिरगावातून लिहीत नसते.

आमच्याही हातून चूक झाली. पहिल्या वकिलांनी कैफियत, म्हणजे दाव्याला आमचं लेखी उत्तर, मुदतीत दाखल केली नाही आणि दावा विनाकैफियत पुढे चालवायचा हुकूम झाला. दुसरे वकील धरले, अर्ज केला, दंड भरला, तेव्हा कैफियत घेतली गेली. त्या काळात कोर्टाच्या व्हरांड्यात मालकांच्या माणसाने मला बाजूला बोलावून सांगितलं, ‘वहिनी, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. पाच लाख घ्या आणि तडजोडीच्या कागदावर सही करा.’ मी म्हटलं, ‘पायरी आम्ही नाही चढलो, तुम्ही चढवलीत.’ घरी आल्यावर मात्र रात्रभर झोप लागली नाही. आमच्याकडे त्या वेळी पाच लाख हा आकडा कोणी एकत्र पाहिला नव्हता.

मग वादमुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे प्रश्न, निघाले. भाडं थकलं का? दाव्याच्या तारखेच्या लगेच आधीचे सलग सहा महिने खोली सबळ कारणाशिवाय बंद होती का? कायद्यात शब्द ‘लगेच आधीचे’ आणि ‘सबळ कारणाशिवाय’ असे आहेत. मालकांच्या नोटिशीत दोन्ही शब्द गाळलेले होते. आणि थकबाकीचं म्हणाल तर भाडेकरूची भाडं भरायची तयारी असेल तोवर त्याला सहसा बाहेर काढता येत नाही. नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्याशिवाय दावाच लावता येत नाही, आणि समन्स लागल्यावरही नव्वद दिवसांत सगळी बाकी पंधरा टक्के व्याज आणि खर्चासकट कोर्टात भरली, पुढेही भरत राहिलं, तर त्या कारणावरून खोली जात नाही. आम्ही भरली. खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना हे कोणी सांगितलंच नाही, त्यांनी घाबरून चावी दिली.

साक्ष निघाली त्या दिवशीचं सांगते. मेहताजींनी सरतपासणीचं, म्हणजे स्वतःच्या साक्षीचं, प्रतिज्ञापत्र दिलं होतं, खोली वर्षभर बंद होती असं. आमच्या वकिलांनी उलटतपासणीत आधी भाड्याचा विषय काढलाच नाही. त्यांनी विचारलं, त्या वर्षी पाण्याचे जादा पैसे चाळीत कोणी गोळा केले? ‘मी.’ वरच्या मजल्यावर सगळ्यांकडून घेतले? ‘हो.’ या खोलीतून कोणी दिले? मेहताजी थोडे थांबले. ‘वहिनींनी.’ कुठे दिले? ‘खोलीतच.’ न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि लघुलेखकाला सांगितलं, लिहा: ‘हे म्हणणे खरे आहे की, सदर कालावधीत मी प्रतिवादीच्या पत्नीकडून सदर खोलीत पैसे स्वीकारले.’ मग विजेची बिलं आली. चार महिने तीन-चार युनिट, पुढे पुन्हा पहिल्यासारखी. मनिऑर्डरच्या पावत्यांना निशाणी लागली, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक पडले. त्यातली प्रत्येक पावती मेहताजींना दाखवली गेली आणि प्रत्येक वेळी त्यांना ‘हो, नकार दिला’ म्हणावं लागलं.

हे सगळं दोन दुपारींत झालं. आठ वर्षांतल्या दोन दुपारी. बाकीची वर्षं कुठे गेली ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे: समन्स बजावण्यात, न्यायाधीश चार वेळा बदलण्यात, कैफियतीच्या भानगडीत (ते आमच्या माथी), आणि उरलेली तहकुबीत. तहकुबी मागणाऱ्यांत मालकांचे वकील पुढे होते, आमचेही मागे नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नको असं लिहिलेलं आहे म्हणे. आमच्या दाव्यात ती तीन पहिल्याच वर्षी संपली. त्या वाचकांना वेळ वाचवायचा असेल तर कात्री तिथे लावा. त्या दोन दुपारींना हात लावू नका.

आता दुसरी बाजू. त्यांना हवी तशी कागदांवरची झटपट व्यवस्था आपल्या राज्यात आधीच आहे, लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर राहणाऱ्यांसाठी. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, मालकाला अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिलंय तेच निर्णायक पुरावा धरायचं, आणि जास्त राहिलेल्या काळाची भरपाई दुप्पट दराने. त्या हुकमावर अपीलही नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे वरून हुकमाची फेरतपासणी. एकट्या म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या फ्लॅटमध्ये कोणी ठाण मांडून बसलं तर हे हवंच, याबद्दल माझा वाद नाही.

पण तिथे राहणाऱ्याला आपलं म्हणणं आपोआप मांडता येत नाही. आधी परवानगी मागावी लागते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत, आपण विरोध का करतो याची कारणं लिहून प्रतिज्ञापत्र द्यायचं. ती कारणं खरी ठरली तर मालकाला हुकूम मिळू नये अशी असली तर परवानगी मिळते आणि सुनावणी होते. नाही दिलं तर मालकाने लिहिलेलं सगळं कबूल धरलं जातं.

माझी भाची या तीस दिवसांत फसली. करार संपला तेव्हा मालकाने मोबाइलवर कळवलं होतं, ‘अजून ११ महिने राहा, कागद नंतर करू.’ ती भाडं भरत राहिली, तो घेत राहिला. मग डिपॉझिटवरून खटका उडाला आणि समन्स आलं. तिने ते मला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, ‘मावशी, घर सोडायला तीस दिवस दिलेत.’ शिकलेली मुलगी, बँकेत नोकरी. मीही कोर्टात आठ वर्षं काढलेली, पण मलाही तिथेच खटकायला हवं होतं ते खटकलं नाही. एकतिसाव्या दिवशी ती जागा शोधत हिंडत होती. पुढे बाहेर काढायचा हुकूम झाला आणि दुप्पट पैशांचाही. ते मेसेज टिकले असते की नाही हे सांगायला मी वकील नाही. पण ते कोणी वाचलेच नाहीत.

म्हणून मागणी छोटी आहे. कायदा बदलायला वेळ लागेल, समन्सासोबत एक चिठ्ठी जोडायला लागणार नाही. मराठीत, ठळक अक्षरांत: ‘हे तीस दिवस जागा सोडण्यासाठी नाहीत. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन सुनावणीची परवानगी मागा.’ आणि खाली आणखी एक ओळ, की विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि बाई असेल तर तिचं उत्पन्न कितीही असो, मिळतो. ही सोय १९८७ च्या कायद्यापासून आहे. आमच्या चाळीत विचारून बघा किती जणींना माहीत आहे.

आमच्या दाव्याचा निकाल २०१९ मध्ये आमच्या बाजूने लागला. मालकांनी अपील केलंय, पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मूळ पावत्या कोर्टाच्या रेकॉर्डला आहेत, डब्यात आता झेरॉक्स आहेत. अपिलात त्यांची गरज नाही असं वकील म्हणतात. मी डबा नेणार आहे.

आपली,
एक भाडेकरू, गिरगाव, मुंबई