घरविम्याचे दर ठरवताना पूररेषा पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीची चौकशी सांगलीत घरोघरी सुरू होते. 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र याच नदीकाठच्या घरांचा विमा कोणत्या हिशोबाने महाग किंवा स्वस्त होतो, हे विचारल्यास विमा प्रतिनिधीलाही धड सांगता येत नाही. आमच्या गल्लीत शेजारी-शेजारी असलेल्या, जवळपास सारख्या क्षेत्रफळाच्या दोन घरांना दोन कंपन्यांनी बरेच वेगळे हप्ते सांगितले. एकीने पुराचे कारण पुढे केले, दुसरीने पुराचा विषयही काढला नाही. खुलासा मागितला तेव्हा 'संगणकात तोच दर येतो' एवढेच उत्तर मिळाले.

सर्वसाधारण विम्यातील ठरीव दरांची पद्धत 2007 च्या आरंभापासून संपुष्टात आल्यामुळे प्रत्येक कंपनीला आपला दर ठरवण्याची मुभा आहे आणि त्यास आक्षेप असण्याचे कारण नाही. पुराची जोखीम अधिक असलेल्या घराने अधिक हप्ता भरावा, हेही न्याय्यच आहे. आक्षेप आहे तो जोखीम मोजण्याच्या ढोबळपणाला. विम्याच्या अर्जात पत्ता आणि पिनकोड विचारतात, घराचे जोते रस्त्यापासून किती उंच आहे हे सहसा कोणी विचारत नाही. 416416 या एकाच पिनकोडात मारुती चौकासारखा लवकर पाण्याखाली जाणारा भागही येतो आणि 2019 मध्येही कोरड्या राहिलेल्या गल्ल्याही येतात. एवढ्या ढोबळ मापाने दर लावल्यास उंचावरचा घरमालक विनाकारण जास्त भरतो आणि सखल भागातील घरमालकाला स्वतःच्या धोक्याचा अंदाजच येत नाही.

वास्तविक येथे अचूक मोजमाप करण्याजोगी माहिती विपुल आहे. आयर्विन पुलाजवळ 2005 मध्ये पाणी सुमारे 54 फुटांवर, 2019 मध्ये 57 फुटांच्या वर आणि 2021 मध्ये 55 फुटांच्या आसपास गेले होते. जलसंपदा विभागाच्या पूररेषा आहेत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या शहरात हे हिशोब कितपत टिकतात, हा प्रश्न येथील कोणीही विचारील, पण निदान आरंभ तरी तेथून करता येईल. महापालिकेने अर्ज करणाऱ्या मिळकतधारकास जोत्याची उंची आणि त्या जागेवरील 2019 ची पाणीपातळी नोंदवलेला दाखला माफक शुल्कात द्यावा, आणि विमा कंपन्यांनी तो दर ठरवताना ग्राह्य धरावा, ही माझी मुख्य मागणी आहे. असा दाखला हाती असल्यास, ज्याने पदरचे पैसे घालून जोते उंच केले आहे त्याला हप्त्यात सवलत मागण्यास आधार मिळेल.

हप्त्याच्या गोंधळामुळे लोक विम्याकडेच पाठ फिरवतात, हे अधिक चिंताजनक आहे. 1 एप्रिल 2021 पासून निवासी घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी लागू आहे आणि तीत आग, वादळ, भूकंप व दरड यांच्याबरोबर पूरही मुळातच समाविष्ट आहे. विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर ठरत नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. समजा, चटई क्षेत्र 1,000 चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर 2,000 रुपये धरला, तर इमारतीची विमा रक्कम 20 लाख होते आणि घरातील सामानाला तिच्या 20 टक्के, म्हणजे 4 लाखांचे संरक्षण वेगळी यादी न देता मिळते. ही मर्यादा 10 लाखांपर्यंत आहे. याउलट 2019 च्या पुरानंतर शहरी भागातील बाधित कुटुंबास शासनाचे सानुग्रह अनुदान 15 हजार रुपये होते. पाण्यात राहून थर सुटलेली प्लायवूडची कपाटे, फुगून चौकटीत न बसणारे दरवाजे आणि निकामी झालेला फ्रीज ज्यांनी एकदा रस्त्यावर काढून टाकला आहे, त्यांना या दोन रकमांमधील अंतर सांगावे लागणार नाही.

गृहकर्ज घेतले म्हणजे घराचा विमा झालाच, असे मानणारे पुष्कळ आहेत. कर्जासोबत दिलेली पॉलिसी कित्येकदा कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नव्हे, किंवा केवळ इमारतीपुरती असून सामानाचा तीत समावेश नसतो. कागद काढून एकदा वाचावा. गणपती पेठ, हरभट रोड परिसरात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी मांडणी सर्रास आहे. घराच्या पॉलिसीवर दुकानातील मालाची भरपाई मिळत नाही, त्यासाठी लहान व्यवसायांची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. शामरावनगरसारख्या गुंठेवारी वसाहतींचा प्रश्न त्याहून अवघड आहे. पुराचा मार त्यांनाच अधिक बसतो आणि मिळकतीच्या कागदपत्रांची अडचणही त्यांचीच अधिक असते. त्यांच्या वस्तीत विमा कंपन्या व महापालिका यांनी मिळून पावसाळ्यापूर्वी शिबिरे घ्यावीत, कारण पाणी दारात आल्यावर काढायची ही गोष्ट नाही.

ज्यांनी विमा उतरवला आहे त्यांनी घरातील सामानाची छायाचित्रे व खरेदीच्या पावत्या फोनव्यतिरिक्त दुसऱ्या ठिकाणीही जपून ठेवाव्यात, आणि पुरानंतर सर्वेक्षक येण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याची रेघ पुसू नये. दावा नाकारला गेल्यास किंवा कमी रक्कम मंजूर झाल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तेथे दाद न मिळाल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे जावे. 50 लाखांपर्यंतच्या भरपाईच्या तक्रारी तेथे शुल्काविना ऐकल्या जातात आणि वकीलही लागत नाही.

आपला विश्वासू,
एक घरमालक, गावभाग, सांगली